सिंतिसची तुरट वाइन, व्हाया मिल्टन कीन्स

लोक पेरूला जातात, पॅटागोनियाला जातात आणि परत येऊन प्रवासवर्णन लिहितात. मी मिल्टन कीन्सहून साउथहॅम्प्टनला गेलो, तिथून परत मिल्टन कीन्सला आलो आणि मग लीड्सला जाऊन आलो. सगळा प्रवास घरच्या गाडीनं, त्यातला बराचसा रोडवर्क्सच्या केशरी कोनांच्या सोबतीनं. तरीही लिहितो आहे, कारण या प्रवासात मी दक्षिण अमेरिकेतल्या एका दरीत हातातून निसटत चाललेली मुलगी परत घेऊन आलो. म्हणजे ती अजून गेली नव्हती. जायच्या बेतात होती.

आमची सई साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिचा आंद्रेस तिथल्याच बंदरावर कंटेनरांच्या कामात आहे. हा बोलिव्हियाचा. सईनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवून नकाशा उघडला. तुम्हाला तो त्रास नको म्हणून सांगतो. बोलिव्हियाच्या दक्षिणेला डोंगरांत सिंतिस नावाची एक अरुंद दरी आहे. दोन्ही बाजूंना तांबडेलाल कडे, मधून नदी आणि नदीच्या काठानं द्राक्षाच्या बागा. तिथे रेड वाइन करतात. दरी एवढीशी, त्यामुळे वाइनही थोडी, आणि ती पिणारे बहुतेक शेजारीपाजारीच. आंद्रेसची आई एल्सा तिथे एक बाग सांभाळते. नवरा गेल्यापासून एकटीच सांभाळते आणि आता गुडघे कुरकुर करायला लागलेत.

पेच असा होता. एल्साबाईंची वाइन इंग्लंडात कुणी घेतली, तर आंद्रेस इथे राहून विक्रीचं बघणार आणि बागेवर तिकडचाच एखादा माणूस ठेवणार. नाही घेतली, तर आंद्रेस परत जाणार, आणि त्याच्याबरोबर सई.

"फक्त दोन-तीन वर्षं, बाबा," ती फोनवर म्हणाली.

पुण्याहून निघताना मीही माझ्या आईला हेच म्हणालो होतो. त्या दोन-तीन वर्षांत माझे केस पिकले, मॉर्गेज फिटलं आणि इथे जन्मलेली मुलगी डॉक्टर झाली. दोन-तीन वर्षं म्हणजे किती, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

लीड्सच्या जॅनेट नावाच्या एका वाइन विकणाऱ्या बाईंनी चाखून बघायची तयारी दाखवली होती. एल्साबाई दिवाळीच्या जरा आधी बाटल्या घेऊन येणार होत्या. आंद्रेसची गाडी दोन दारांची, म्हणून आमची मोठी गाडी आणि आम्ही दोघं असं ठरलं. वाइनमध्ये लाल आणि पांढरी यापलीकडे ज्याला काही कळत नाही अशा मी, निघण्याआधी देवघरासमोर उभं राहून, ही वाइन खपू दे, असं गणपतीला साकडं घातलं. माझ्या मागे माझी बायको मेधा उभी होती. ती म्हणाली, "रेड वाइन, असं स्पष्ट सांगा. नाहीतर भलतीच खपायची."

साउथहॅम्प्टन

सईच्या फ्लॅटच्या खिडकीतून बंदर दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा धक्क्याला एक क्रूझचं जहाज लागलेलं होतं, आजूबाजूच्या इमारतींपेक्षा उंच. त्या जहाजाकडे पाठ करून एल्साबाई दारात उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, उन्हानं रापलेल्या, करड्या केसांचा घट्ट अंबाडा. मेधानं नमस्कारासाठी हात जोडले, तेवढ्यात त्यांनी तिला मिठी मारली. जोडलेले हात दोघींच्या मधे चेंगरले ते बराच वेळ सुटले नाहीत.

बाटल्या त्यांनी लोकरीच्या मोज्यांत घालून आणल्या होत्या. एका मोज्यात एक बाटली. त्यातली एक वाटेत फुटली होती आणि बॅगेतल्या सगळ्या कपड्यांवर जांभळट डाग पडले होते. मी आपला चेहरा लांब करून "अरेरे" म्हटलं. एल्साबाईंनी एक डागाळलेला ब्लाउज उचलला, हुंगला आणि समाधानानं मान हलवली. आंद्रेसनं भाषांतर केलं, "ती म्हणते, प्रवासात बिघडली नाही एवढं तरी कळलं."

मग त्या सईच्या जवळ आल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला, चेहरा दोन्ही हातांत धरला, वाकून नीट निरखलं आणि म्हणाल्या, "उवा." पुन्हा एकदा, अगदी प्रेमानं, "उवा नेग्रा."

मेधा हसत होती, ती थांबली.

एल्साबाई आता रंगात आल्या होत्या. स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून त्या जागच्या जागी पाय आपटायला लागल्या आणि म्हणाल्या, "पिसा दे उवा, पिसा दे उवा."

मेधानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, ऐकलंत ना? सईच्या डोक्यात उवा सापडल्या त्यांना."

"स्पॅनिश असेल गं काहीतरी."

"आणि पिसवा पण आहेत. त्यांच्याकडे. पायाला चावतात म्हणून कशा पाय आपटत होत्या, बघितलंत ना?"

"त्यांना मराठी कुठून येणार, मेधा?"

"आंद्रेसनं शिकवलं असेल. चांगलं काही शिकवायला नको."

सई प्रायमरी शाळेत असताना वर्गात उवा झाल्या की शाळेतून घरी पत्र यायचं, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे सुतक असल्यासारखी शांतता असायची. तो सगळा इतिहास मेधाच्या चेहऱ्यावर परत आला. "दूध आणते," म्हणून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून बारीक दातांची फणी घेऊन आली. मग एका हॉस्पिटलच्या डॉक्टरला बाथरूममध्ये बसवून तिचे केस विंचरायला लागली. दार लोटलेलं होतं, म्हणून मला ऐकू येत होतं.

"आई, व्हॉट आर यू डूइंग? मी डॉक्टर आहे."

"डॉक्टरांना होत नाहीत?"

"काय होत नाही?"

"उवा. तुझ्या होणाऱ्या सासूनं सगळ्यांसमोर सांगितलं. मला इतकी लाज वाटली."

 मग सई एवढी हसली की आंद्रेस धावत आला. "आई, उवा म्हणजे ग्रेप्स. माझी डोळे काळा द्राक्षसारखी आहे म्हणाली ती."

"माझे डोळे. काळ्या द्राक्षांसारखे," मेधा म्हणाली. धक्का बसला तरी व्याकरण सुटलं नाही.

"तेच. आणि पिसा म्हणजे पायानं तुडवतात ना वाइनसाठी, ते."

एल्साबाईंना हा प्रकार समजावून सांगायचं काम आंद्रेसवर आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, फणी मागून घेतली, उजेडात धरून पाहिली आणि काहीतरी म्हणाल्या. "ती विचारते, हिनं द्राक्षांतल्या बिया पण निघतील का?" मेधा पदर असता तर तोंडाला लावून हसली असती. जीन्सवर होती, म्हणून तिनं टी-टॉवेल लावला.

जेवणानंतर त्यांनी फोनवर बाग दाखवली. मला नाशिककडचे द्राक्षाचे मांडव माहीत होते, तसलं काही असेल म्हणून मी फोन हातात घेतला, तर द्राक्षं झाडावर. मोल्ये नावाची जुनी, वाकडीतिकडी, झुबकेदार झाडं आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेले वेल. कोकणात पोफळीवर मिरीचा वेल चढवतात, अगदी तसं. गंमत म्हणजे त्या मोल्येलाही मिरीसारखेच दाणे लागतात, फक्त गुलाबी. तोडणीला शिडी लागते. एल्साबाई अजूनही शिडीवर चढतात, असं आंद्रेस हळू आवाजात म्हणाला. त्या आवाजात सगळं होतं. त्याची आई, तिचे गुडघे आणि ती शिडी. माझ्या मुलीला नेणारा एखादा दुष्ट माणूस मला हवा होता, म्हणजे रागवता तरी आलं असतं. तोही मिळेना.

मिल्टन कीन्स

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे चौक नाहीत, राउंडअबाउट आहेत. एक संपला की दुसरा. प्रत्येकाच्या मधोमध हिरवळ, झाडं, झुडपं. मागच्या सीटवर एल्साबाई प्रत्येक राउंडअबाउटला छातीवर क्रॉसची खूण करत होत्या. मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग.

"ती विचारते," आंद्रेस म्हणाला, "प्रत्येकाच्या मधे कुठला संत आहे?"

आता गाडी इथे डावीकडून चालते, त्यामुळे आम्ही राउंडअबाउटला वळसा घालतो तो बरोब्बर प्रदक्षिणेच्या दिशेनं. इतकी वर्षं मी रोज ऑफिसला जाताना एवढ्या प्रदक्षिणा घातल्या, ते पुण्य कुठे जमा झालं असेल, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला आणि त्या नादात आमची एग्झिट चुकली. मग त्याच संताला आणखी एक प्रदक्षिणा. डिकीत बाटल्यांचं खोकं कलंडल्याचा आवाज झाला. सईनं "बाबा" एवढंच असं म्हटलं की पुढचे सगळे वळसे मी बैलगाडीच्या वेगानं घेतले. गावातल्या प्रसिद्ध सिमेंटच्या गाई दाखवल्या. एल्साबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की दूध किती देतात.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत बाटल्या उघडल्या. पेल्यात वाइन ओतल्यावर एल्साबाई प्यायल्या नाहीत. इकडेतिकडे बघायला लागल्या. आंद्रेसनं सांगितलं, त्यांच्याकडे पहिले थेंब जमिनीला देतात, धरणीमातेला, मग आपण प्यायची. मला लगेच आजोबा आठवले. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. मी हे उत्साहानं सांगत होतो तेवढ्यात एल्साबाईंना खोलीतली एकमेव माती सापडली. खिडकीत, कुंडीत. तुळशीची.

इंग्लंडात तुळस जगवणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मेधा हिवाळ्यात तिला हीटरजवळ नेते, रात्री पडद्यामागून पुढे आणते, तिच्याशी बोलते. त्या तुळशीला एल्साबाईंनी मान लववून, डोळे मिटून, रेड वाइन घातली.

मी मेधाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. 

"नमस्कार करून घातलीय," मेधा शेवटी म्हणाली. "काय बोलणार? उद्या जरा जास्त पाणी घालीन."

मग आम्ही प्यायलो. मेधा पीत नाही, तिनं वास घेतला. पहिली वाइन नेग्रा क्रिओया नावाच्या द्राक्षाची. फार पूर्वी मिशनऱ्यांनी तिकडे नेलेलं वाण. रंगानं आमसुलाच्या सारासारखी पातळ लाल, हलकी, आणि शेवटी जिभेवर मिरपुडीची चिमूट. मी सुद्धा मनापासून "छान" म्हटलं. दुसरी विस्चोकेन्या. हे द्राक्ष त्या दरीतच जन्मलं, दुसरीकडे कुठे नाही, आणि एल्साबाईंची बाग मुख्यतः याच द्राक्षाची. म्हणजे सगळं हिच्यावर होतं. मी मोठा घोट घेतला.

गाल आतून ओढले गेले. दातांना कुणी लोकरीचे मोजे घातले असं वाटलं.

"कशी आहे?" सगळे माझ्याकडे बघत होते.

"भारी," मी म्हटलं. मग मराठीत, सईला, "फार तुरट आहे गं."

"तुरट म्हणजे?"

"तुरट म्हणजे तुरट. कच्चं केळं. आवळा. जांभळं खाल्ल्यावर होतं ते."

"सावर?"

"आंबट वेगळं. तुरट वेगळं."

"बिटर?"

"ते कडू."

"ड्राय?" आंद्रेस मधे म्हणाला.

"ओली आहे की," मेधा म्हणाली.

एवढी इंग्रजी शिकलो, त्या भाषेत नोकरी केली, भांडलो, अप्रेझल लिहिली, पण तुरटला रोजच्या बोलण्यातला शब्द काही सापडेना. रात्री अंथरुणावर मी मेधाला म्हटलं, "लीड्सच्या बाईला ही आवडायची नाही."

"तुम्हाला आवडली?"

"नाही."

"मग उद्या तोंड सांभाळा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

वाटेत, एम वन

मेधानं प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बटाट्याची भाजी केली होती. बर्गरवाल्या सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये, वाऱ्यात, आम्ही गाडीची डिकी उघडून तिथेच पंगत मांडली. चटणीवर एल्साबाई खूष. त्यांच्याकडे शेंगदाण्याचं सूप असतं म्हणे, आणि मिरची-टोमॅटोची चटणी दगडावर वाटतात. दोन्ही हातांनी झुलवत वाटायची खूण करून दाखवली. मेधानं तिची पाट्या-वरवंट्याची खूण करून दाखवली. पुढे-मागे की डावी-उजवीकडे, यावर दोघींचा वाद झाला, एकीनं स्पॅनिशमध्ये आणि दुसरीनं मराठीत. तो सुटला नाही. शेजारच्या गाडीतलं जोडपं हातातलं सँडविच विसरून आमच्याकडे बघत होतं.

सई आणि मी कॉफी आणायला आत गेलो. रांगेत मी शेवटी विचारलं, "तुला जायचंय का तिकडे?"

"माहीत नाही, बाबा. दरी खूप सुंदर आहे. पण माझा काम इथे आहे."

"आणि त्याला?"

"त्याला पण नाही जायचं. पण आई एकटी आहे ना त्याची. तो कसा नाही म्हणेल?" मग जरा थांबून, "तुम्ही एकटे असता तर मी नाही म्हटलं असतं का?"

 मी कॉफीबरोबर उगाचच एक मोठा केक घेतला.

पुढे रस्त्याकडेला बंद पडलेल्या वीजकेंद्राचे अवाढव्य मनोरे दिसले, मधे बारीक, वर-खाली रुंद. एल्साबाई एकदम पुढे वाकल्या आणि आंद्रेसचा खांदा धरला. त्यांना वाटलं, ही वाइनची पिंपं. इंग्रज एवढी पितात, तर आपली नक्की खपेल, असा त्यांना धीर आला. खरं काय ते त्यांना कुणीच सांगितलं नाही. मीही माझ्या परीनं तयारी करत होतो. इंटरनेटवरून वाइनबद्दल बोलायचे काही शब्द पाठ केले होते, ते स्टिअरिंगमागे पुटपुटत होतो.

लीड्स

जॅनेटबाईंचं दुकान रेल्वेच्या जुन्या विटांच्या कमानीखाली आहे. वरून गाडी गेली की मांडणीतल्या बाटल्या हलक्याच किणकिणतात. बाई उंच, पिकल्या केसांच्या, जाड कार्डिगन घातलेल्या. आम्हा पाचजणांकडे पाहून म्हणाल्या, "दोन बाटल्यांबरोबर एवढी माणसं? लग्न आहे की काय कुणाचं, लव्ह?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं. मेधानं चिमटा काढला.

मेधा वाइन घेत नाही कळल्यावर बाईंनी तिच्यासाठी जाड मगात बिनदुधाचा चहा आणला आणि मग टेबलाशी बसल्या. पहिली वाइन त्यांनी फिरवली, हुंगली, तोंडात घोळवली आणि शेजारच्या बादलीत थुंकली. मी हादरलो. आमच्याकडे पाहुण्यानं पहिला घास थुंकला असता, तर सोयरीक तिथेच मोडली असती. आंद्रेस कानात म्हणाला, "असंच करतात." एल्साबाई मात्र हात पोटाशी धरून, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या आईसारख्या, टक लावून बघत होत्या.

"छान आहे," जॅनेटबाई म्हणाल्या. "हलकी, गोड स्वभावाची. ही थोडी खपेल उन्हाळ्यात."

थोडी. थोडीनं भागणार नव्हतं. मग विस्चोकेन्या. बाईंचे गाल आत गेले. त्यांनी थुंकली आणि जीभ दातांवरून फिरवली. परत एकदा फिरवली.

"ही पकडते. तोंडाला फार पकडते. माफ करा, पण माझी गिऱ्हाईकं बाटली बिघडली म्हणून परत आणून देतील."

आंद्रेस डोंगराबद्दल, जुन्या वेलांबद्दल बोलायला लागला, पण त्याचा आवाज पडला होता. एल्साबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि भाषांतराची गरजही राहिली नव्हती. मला दिसायला लागलं : लाल कडे, शिडी आणि शिडीवर माझी मुलगी. मी पुढे सरसावलो.

"या वाइनला फॉरेस्ट फायरचा वास आहे," मी म्हटलं.

"आगीचा?"

"नाही, फायर नाही. फ्लोअर. जंगलातल्या जमिनीचा."

"बाबा, प्लीज," सई म्हणाली.

 तेवढ्यात मेधानं चहाचा घोट घेतला. तिचे गालही आत गेले. तिला वाटलं मला एकट्यालाच सांगतेय, पण आमची मेधा कुजबुजली तरी शेजारच्या घरात कळतं. "अहो, किती तुरट झालाय हा. पिशवी आतच ठेवलीय."

जॅनेटबाईंनी भुवई उचलली. "काय म्हणाल्या त्या?"

इथे भारतातून आलेलं कुणीही असतं तर "फार सुंदर चहा आहे म्हणाली" असं सांगून मोकळं झालं असतं. पण सई इथे वाढलेली. विचारलं तर खरं सांगायचं, एवढं तिला माहीत. फक्त तुरटला शब्द सापडेना. तिचे ओठ हलले, थांबले. आणि मग ती म्हणाली, "ती म्हणते, तुमचा चहा... या वाइनसारखा आहे."

वरून गाडी गेली. बाटल्या किणकिणल्या. यॉर्कशरमध्ये माणसाच्या चहाला नावं ठेवायची नसतात, एवढं मलाही ठाऊक आहे. मी गाडीची चावी खिशात चाचपायला लागलो.

जॅनेटबाईंनी मेधाच्या हातातला मग घेतला आणि त्यातला एक घोट प्यायल्या. मग वाइन. या वेळी थुंकली नाही. परत चहा.

"म्हणजे माझा चहा तोंडाला पकडतो, असं तुमचं म्हणणं?"

"आमच्यात त्याला शब्द आहे," सई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तुरट. ती खोड नाही, चव आहे. गोड असतं, तिखट असतं, तसं तुरट असतं. आम्हाला लहानपणापासून शिकवतात."

"टुरट," जॅनेटबाई म्हणाल्या आणि मगाकडे बघत राहिल्या. "माझा बाप हाच चहा दिवसभर प्यायचा. मीही पिते. आजवर कुणी परत आणून दिला नाही."

"बट यू पुट मिल्क," मेधा एकदम इंग्रजीत म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या चीजचा एक मोठा ठोकळा आणि थंड भाजलेलं मटण घेऊन. "वाइनमध्ये दूध घालता येत नाही, लव्ह. पण हे चालतं का बघू."

चीजचा तुकडा, मटणाचा काप, मग विस्चोकेन्याचा घोट. त्यांचा चेहरा हळूहळू उलगडला. त्यांनी थाळी आमच्याकडे सरकवली. मीही घेतलं. आदल्या दिवशी गालात हात घालून ओढणारी ती वाइन आता मटणाची चरबी पुसून काढून तोंड स्वच्छ करून जात होती आणि मागे मिरीचा दाणा ठेवत होती. तुरट होतीच. पण तिला काम मिळालं होतं.

"संडे रोस्ट करणाऱ्या पबांना दाखवीन," जॅनेटबाई म्हणाल्या. "दोन्ही घेते. सुरुवातीला बेतानं, खपली तर वाढवू. पण नुसती बाटली ठेवून ही जाणार नाही. कुणीतरी पबांत जाऊन, मटणाबरोबर पाजून, समजावून सांगायला लागेल. तसं माणूस आहे का तुमचं इथे?"

आंद्रेसनं आधी सईकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला. मग आईकडे वळून त्यानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. ते फार छोटं वाक्य होतं. एल्साबाई उभ्या होत्या, त्या मागच्या खोक्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मेधा जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मी काहीतरी करायचं म्हणून मेधाचा उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

परत

मी सगळे घोट गिळले होते, म्हणून गाडी आंद्रेसनं चालवली. मी शेजारी. मागे मेधा आणि एल्साबाई खिडक्यांना डोकी टेकून झोपल्या होत्या आणि मधे सई. आभाळ स्वच्छ झालं होतं. वीजकेंद्राचे मनोरे आता उन्हात तांबूस दिसत होते. कुणी उठवलं नाही, नाहीतर एल्साबाईंनी परत विचारलं असतं.

आंद्रेस म्हणाला, दरवर्षी तोडणीला तो महिनाभर जाईल. शिडीवर तो चढेल, आई खाली उभी राहून ओरडेल. सई म्हणाली, रजा मिळाली तर तीही जाईल, आणि आम्हीही चलावं.

"पाय धुऊन तुडवायचं ना पण?" मी विचारलं.

"बाबा," ती म्हणाली.  मग मागून पुढे वाकून, माझ्या सीटच्या पाठीला हनुवटी लावून म्हणाली, "आंद्रेसला आता सारखं लीड्सला जायला लागणार. साउथहॅम्प्टन खूप लांब पडेल. मधे कुठेतरी राहिलं तर बरं ना. माझ्यासाठी पण तिथे हॉस्पिटल आहे. आम्ही मिल्टन कीन्सला घर बघितलं तर चालेल का तुम्हाला?"

तांबड्या कड्यांची दरी सोडून माझी मुलगी राउंडअबाउटांचं गाव मागत होती.  अशा वेळी बापानं फार उतावीळ दिसू नये, मुलांवर दडपण येतं, असं मी कुठंतरी वाचलेलं आहे. मी समोरच्या लॉरीकडे बघत, शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "बघू."

"बघू काय, बघू?" मागून मेधा डोळे न उघडता म्हणाली. "हो म्हणा."

मी हो म्हटलं. टायरांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून थोड्या वेळानं परत एकदा म्हटलं.